चिन्नाकुंट्याची पाणचक्की

चिन्नाकुंटा साईट,
सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मुकुंदमामा,

नमस्कार. मी त्रिवेणी, सिकंदराबादच्या चारुलताची मुलगी. आपण शेवटचे भेटलो ते आईच्या वर्षश्राद्धाला. तुम्ही माझ्या हातात पाटी दिलीत आणि म्हणालात, "जे बोलायचं ते लिही." तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलला तुम्ही हात लावत नाही, म्हणून हे पत्र. माझं मराठी आईनं घरात शिकवलं तेवढंच. चुका निघतील. लाल पेनानं खुणा करून परत पाठवू नका, प्लीज.

काम असं आहे. मी आर्किटेक्ट झाले ते तुम्हाला माहीतच आहे. सध्या जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका संस्थेत आहे. रिंगरोडच्या पलीकडे चिन्नाकुंटा तलावाच्या बांधाखाली एक पाणचक्की आहे. गावातले तेलुगू लोक तिला पिंडिमर, म्हणजे पिठाची गिरणी, म्हणतात. आजूबाजूला तीस-तीस मजली टॉवर उभे राहिलेत आणि त्यांच्या सावलीत ही दगडी खोली. ती पुन्हा पाण्यावर चालवून लोकांना दाखवायची असं ठरलंय. जुने कागद चाळताना १९८३ सालचा एक नकाशा हाती आला आणि खालची सही बघून मी ओरडलेच. मामा, ते तुम्हीच ना?

नकाशा फार देखणा आहे. तलावातून आलेला खापरी नळ, पाण्याचा उंच हौद, वरची दळणाची खोली, तिच्या चार कमानी, जात्याच्या तळीवरचे टाकीचे घावसुद्धा मोजून काढलेत. पण खाली, चाकाच्या खोलीच्या जागी काहीच नाही. नुसत्या तिरप्या रेघा मारून ठेवल्यात. असं का? मापं कुठे वहीत असतील तर द्याल?

इथे झाडलोटीला आणि चहाला भामा नावाची बाई आहे, पन्नाशीच्या पुढची. शेवटचे चक्कीवाले हिम्मतराव, त्यांची ही मुलगी. साईटवर मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे गट्टी जमलीय. वरच्या खोलीत ती सगळीकडे फिरते. खाली उतरायच्या पायऱ्यांपाशी मात्र चहाचा ट्रे ठेवते आणि मागे फिरते.

तुमची,
त्रिवेणी


काचीगुडा,
शनिवार, ९ नोव्हेंबर

चि. त्रिवेणी,

पत्र पोचलं. सूनबाई अश्विनीनं ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि मी जेवण सोडून वाचत बसलो. खुणा करणार नाही. "मापं" वरचा अनुस्वार तुला आठवला, एवढं मला पुष्कळ.

हो, नकाशा माझाच. तेव्हा मी सरकारी खात्यात आरेखक होतो, वय चौतीस. पाणचक्की म्हटली की लोकांच्या डोळ्यापुढे उभं फिरणारं मोठं चाक येतं. ही तशी नव्हे. हिचं चाक आडवं, जमिनीखाली निजलेलं. हौदातलं पाणी दगडी नाळेतून खाली पडतं. नाळ वर दोन हात रुंद आणि तळाशी वीतभर, म्हणून पाणी भाल्यासारखं सुटतं आणि चाकाच्या पात्यांवर बसतं. चाकातून निघालेला कणा सरळ वर जातो, जमीन भेदून, खालच्या तळीच्या मधून, आणि वरची तळी फिरवतो. मध्ये दातेरी चाक नाही की पट्टा नाही. एक फेरा चाकाचा, एक फेरा दगडाचा. बांधणारा कोण ते कुठे कोरलेलं नाही. बांधावरून जाणाऱ्या वाटसरूंच्या सराईला पीठ पुरवायला कुण्या जहागीरदारानं बांधली, असं हिम्मतराव सांगायचे. वैरण, म्हणजे दळायला घातलेलं धान्य, संपली आणि चक्की रिकामी फिरली, तर दगडाला दगड लागतो. तेव्हा पाणी सोडण्याआधी धान्य टाकलंय का, ते बघत जा.

खालच्या खोलीचं म्हणशील, तर त्या वर्षी पाणी फार होतं. उतरता आलं नाही. म्हणून रेघा. मापांची वही नाही.

तूही तिथे फार वेळ थांबू नकोस. हवा कुबट असते. आणि भामाला माझं नाव सांगू नकोस. गरज नाही.

अनेक आशीर्वाद.
मुकुंदमामा


काचीगुडा,
गुरुवार, १४ नोव्हेंबर, सायंकाळ

चि. त्रिवेणी,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे. हे पत्र कुणाला वाचून दाखवू नकोस. अश्विनीलाही मी पुरतं सांगितलेलं नाही. तिला वाटेल, म्हातारा भ्रमला.

एकेचाळीस वर्षं झाली, माझे दोन्ही कान ठार बंद आहेत. घरामागून आगगाडी जाते ती मला तांब्यातल्या पाण्याच्या थरथरीवरून कळते. नातू झाला तेव्हा त्याचं रडणं मी डोळ्यांनी पाहिलं. हे तुला माहीत आहे.

आज दुपारी मी वाटाणे सोलत होतो. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. आणि मला ऐकू आलं.

आधी पाण्याचा हिसका. मग ओल्या लाकडाची कुरकूर. मग हळूहळू जड दगडाची घरघर, एकसारखी. मी वाटाणे टाकून उठलो. रस्त्यावर बस उभी होती, तिचा आवाज नाही. अश्विनी समोर बोलत होती, तिचा आवाज नाही. तेवढा एकच. मी तिला विचारलं, "मिक्सर लावलायस का?" तिनं पाटीवर लिहिलं, "बाबा, घरात काहीच चालू नाही."

बारा मिनिटं चाललं. मग पाणी तोडल्यासारखं थांबलं.

आवाज मी ओळखला. गिरणीचा नव्हता, मिक्सरचा नव्हता. मला हर्ष व्हायला हवा होता. मी मात्र तेव्हापासून दार लावून बसलो आहे.

मुकुंदमामा


चिन्नाकुंटा,
शुक्रवार, १५ नोव्हेंबर

प्रिय मामा,

गुड न्यूज! काल चक्की फिरली. दुपारी चारला सगळे जमलो, नारळ फोडला, ज्वारी टाकली आणि चार दहाला भामानं हौदाच्या तोंडाची फळी उचलली. आम्ही बसवलेली फळी नवीन आहे, पण लांब दांडा दाबून ती उचलायची युक्ती आमच्यात एकट्या तिलाच येते. बारा मिनिटं चालवून बंद केली. पीठ थोडं जाडं आलं. आवाज मोठा नाही, पण पायांतून वर चढतो.

सकाळी मी खालच्या खोलीत उतरले होते. तुम्ही म्हणालात तशीच कुबट. छत अर्धगोल, चुन्याचं, चाकाला लागून एका माणसापुरता कोनाडा. तिथली एक गंमत सांगते. कण्याभोवती जमिनीला भोक आहे, त्यातून खालचं बोलणं वर ऐकू जातं. पण सगळं नाही. मी खालून "पाणी बघा" म्हटलं, तर वर उभ्या असलेल्या मिस्त्रीला फक्त "पाणी" पोचलं. दहा वेळा करून पाहिलं. पहिला तुकडा वर जातो, पुढचा खालीच राहतो.

आणखी एक. तुम्ही लिहिलंत की त्या वर्षी खाली उतरता आलं नाही. पण भिंतीवर लाल पेन्सिलीनं मापं लिहिलीत, फूट आणि इंच, कोनाड्यापासून नाळेच्या तोंडापर्यंत. अक्षर तुमच्या नकाशातलं नाही. शेवटचं माप अर्धवट आहे. ४ फूट, आणि तिथून पेन्सिल खाली ओढत गेलीय, हातभर लांब रेघ.

भामाला विचारलं. ती म्हणाली, "मी तेरा वर्षांची होते. मोजणीला आलेला सरकारी माणूस चाकात सापडून गेला. नानांनी फळी कुजू दिली, असं लिहिलं गेलं. मॅडम, आमच्या नानांनी फळी कधी कुजू दिली नव्हती." नाना म्हणजे हिम्मतराव. त्यांना इथून काढलं. जहीराबादकडे लोकांच्या शेतावर राबून गेले. पुन्हा कुठल्या चक्कीत पाऊल टाकलं नाही म्हणे, बायको दळण आणायला पाठवायची तरी दारातूनच डबा द्यायचे.

तुम्ही त्याच वर्षी इथे होतात. तुम्हाला माहीत असेल ना?

त्रिवेणी


चिन्नाकुंटा,
मंगळवार, १९ नोव्हेंबर

मामा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुमचं गुरुवारचं पत्र आज मिळालं. पाकिटावर काचीगुड्याचा शिक्का पंधरा तारखेचा आहे. म्हणजे माझं पत्र तुम्हाला मिळण्याच्या कितीतरी आधी तुम्ही ते टपालात टाकलंत. चार दहा. बारा मिनिटं. मी ते दोनदा वाचलं आणि ऑफिसच्या कंटेनरमधून उठून उन्हात जाऊन उभी राहिले.

सीरियसली, मला भीती वाटली. पण मी तपासून बघणारी मुलगी आहे. पुढच्या दोन आठवड्यांत आम्ही पाच वेळा चक्की चालवणार आहोत. कधी ते तुम्हाला सांगत नाही. तुम्ही ऐकाल त्या वेळा लिहून ठेवा आणि पाठवा. मी माझ्या वहीशी लावून बघेन.

नकाशाबद्दल मी विचारलं होतं, त्याचं उत्तर राहिलं.

त्रिवेणी


काचीगुडा,
सोमवार, २ डिसेंबर

चि. त्रिवेणी,

वेगळ्या कागदावर वेळा लिहून जोडल्या आहेत. पाच नाहीत, सहा आहेत. पाच वेळा दगड धान्यावर फिरला. त्याचा आवाज मऊ असतो. सहावी वेळ कालची, रविवार, सकाळी अकरा. काल चक्की रिकामी फिरली. दगडावर दगड. माझे दात शिवशिवले. कुणी चालवली? वैरण का टाकली नाही?

आणि काल दगडाखालून माणसाचा आवाज आला. तो काय म्हणाला ते मी लिहीत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो. भिंतीवरचं अक्षर नरहरचं. तो माझा सोबती, मोजणीला आम्ही दोघंच होतो. लग्न ठरलं होतं त्याचं. तो खाली मापं घेत होता, मी वर हौदापाशी होतो. फळी तुटली, पाणी सुटलं. चौकशीत मी तसंच सांगितलं. त्यानंतर पंधरा दिवसांत माझे कान गेले. डॉक्टरांना कारण सापडलं नाही.

पुरे. वेळा जुळतात का, तेवढं कळव.

मुकुंदमामा


चिन्नाकुंटा,
शुक्रवार, ६ डिसेंबर

मामा,

पाचही वेळा मिनिटाला मिनिट जुळल्या.

रविवारी इथे कुणी नव्हतं. साईटला सुट्टी, फाटकाला कुलूप, फळीच्या दांड्याला साखळी आणि तिची किल्ली माझ्या पर्समध्ये, सिकंदराबादच्या घरी. भामा शंकरपल्लीच्या बाजारात होती. सोमवारी सकाळी मी कुलूप काढलं. हौद काठोकाठ भरलेला, शनिवारी सोडला तसाच, थेंब हललेला नाही. पण खालची खोली ओली होती. भिंती माझ्या छातीएवढ्या उंचीपर्यंत ओल्या, त्याच्या वर कोरडा चुना, मध्ये पट्टीनं आखल्यासारखी रेघ. वर गेले तर दगड कोमट होता. मी कुणाला काही बोलले नाही. फोटो काढले आणि फोनमध्ये ठेवून दिले.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. राडारोडा उपसताना हौदाच्या मागे जुनी फळी सापडली, चुन्यात गाडलेली. भामानं लगेच ओळखली. वरच्या कोपऱ्यात तिच्या बापानं कोरलेलं बेलाचं पान आहे. सागाची फळी, मामा. मी दोन्ही बाजूंनी पाहिली, ठोकून पाहिली. कुठे चीर नाही, कुठे कूज नाही.

मग तुटलं काय?

दारात लावायच्या माहितीच्या फलकावर आमच्या लोकांनी तुमच्या चौकशीतलं वाक्य घेतलंय, "चक्कीवाल्याच्या निष्काळजीपणामुळे." भामाला वाचता येत नाही. तिनं मला मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी वाचलं. ती कप विसळायला गेली. तेच चार कप तिनं कितीतरी वेळ विसळले.

बुधवारी, ११ तारखेला सकाळी अकरा वाजता साहेब लोकांसमोर रंगीत तालीम आहे. पाण्याची धार पात्यांवर बसते, त्याचं शूटिंग हवंय. मी कॅमेरा घेऊन खाली कोनाड्यात उभी राहणार. तिथे फोनला सिग्नल नाही, म्हणून वॉकीटॉकी. मी "सोडा" म्हटलं की भामा फळी उचलेल. कोनाडा सेफ आहे, मी मापं घेतलीत. काळजी करू नका.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या.

त्रिवेणी


काचीगुडा,
मंगळवार, १० डिसेंबर

त्रिवेणी,

तुझं पत्र दुपारी मिळालं. अश्विनीनं तुला आठ वेळा फोन लावला. लागत नाही. निरोप पाठवला, तोही पोचलेला दिसत नाही. उद्या सकाळी तिच्यासोबत रिक्षा करून येतो आहे. हे पत्र टपालात टाकत नाही, तुझ्या हातात देईन. कारण तिथे माझ्या तोंडून शब्द फुटेल, याची मला खात्री नाही.

फळी तुटली नव्हती. मी उचलली.

आमचं ठरलं होतं. नरहर खाली मापं घेईल, कोनाड्यात शिरेल आणि "सोड" म्हणेल. मग मी पाणी सोडायचं, म्हणजे चाकाचे फेरे मोजता येतील. हिम्मतराव धान्य आणायला गेले होते. त्यांनी जाताना मला बजावलं होतं, "मी येईपर्यंत दांड्याला हात लावायचा नाही, साहेब." मला घाई होती. संध्याकाळच्या बसनं परतायचं होतं.

मी कान देऊन उभा होतो. खालून आवाज आला, "सोड." मी दांडा दाबला.

चक्की रिकामी फिरली. दगडावर दगड. मग मध्येच अडकली.

त्याच्या मोजपट्टीचं टोक पात्यात अडकलं होतं आणि तो ते सोडवायला वाकला होता. हे नंतर दिसलं. हिम्मतराव धावत आले तोवर मी फळी परत पाडली होती. त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मी तेव्हाच सांगितलं असतं. चौकशीला साहेब आले आणि त्यांनीच मला विचारलं, "फळी जुनी होती का?" मी "हो" म्हणालो. एवढंच म्हणालो. पुढचं त्यांनी लिहिलं. मी सही केली. नकाशावरही सही केली आणि खालच्या खोलीवर रेघा मारल्या, कारण ती खोली काढायला माझा हात चालेना.

आता रविवारचं. रविवारी दगडाखालून जो आवाज आला, तो नरहरचा. त्यानं मला पुरतं वाक्य ऐकवलं. "सोडू नको." त्या दिवशीही तो तेच म्हणाला असणार. माझ्यापर्यंत पहिला तुकडा आला आणि मी तो त्याचा होकार समजलो. तू लिहिलं होतंस, खालचं बोलणं अर्धंच वर येतं. ते वाक्य वाचलं तेव्हाच माझ्या मनात शंका शिरली होती. तरी २ तारखेला मी तुझ्याशी पुन्हा खोटं बोललो.

उद्या खाली उतरू नकोस. उतरलीच असशील, तर मी पोचेपर्यंत तोंडातून तो शब्द काढू नकोस.

मुकुंद


चिन्नाकुंटा,
सोमवार, १६ डिसेंबर

प्रिय मामा,

अश्विनीवहिनी म्हणाली, ताप उतरलाय आणि तुम्ही पाटीवर सारखं एकच लिहिताय, "काय झालं ते कळू दे." तुम्हाला दिसलं ते तुम्हाला ठाऊक आहे. इतरांनी जे ऐकलं ते मी लिहिते.

तुम्ही फाटकाशी पोचलात तेव्हा मी खाली उतरले होते. सिक्युरिटीवाल्यानं तुम्हाला अडवलं, वहिनी त्याच्याशी तेलुगूत भांडत राहिली आणि तुम्ही तिला सोडून हौदाच्या पायऱ्या चढलात. पंच्याहत्तरीत, काठीशिवाय.

मी कोनाड्यात उभी होते. सगळं ठीक होतं. मग कॅमेऱ्याच्या स्टँडचा एक पाय घसरला आणि दोन पात्यांच्या मध्ये जाऊन रुतला. मला वाटलं, ओढला की निघेल. मी कोनाड्यातून बाहेर आले, चाकावर वाकले. नाळेचं तोंड माझ्या कानाशी होतं. माझ्या ओढणीचं टोकही पात्याला गुंतलं. तेव्हा वरून भामाचा आवाज आला, "मॅडम, सोडू का?" मी वॉकीटॉकीत ओरडले, "सोडू नका! सोडू नका!" दोनदा ओरडले, मामा. शपथ घेऊन सांगते.

वर हौदापाशी भामाच्या सेटमध्ये काय आलं? "सोड." दोन्ही वेळा, "सोड." शेजारी उभ्या असलेल्या इंजिनियरनंही तेच ऐकलं. त्याच्या फोनवर रेकॉर्डिंग आहे. मी स्वतः ऐकलं. माझाच आवाज, स्वच्छ, "सोड", आणि त्यापुढे पाणी वाहिल्यासारखी खरखर. पाणी तर अजून सोडलंच नव्हतं.

भामानं दांड्यावर भार दिला. तेवढ्यात तुम्ही तिच्या हातांवर आडवे पडलात आणि ओरडलात, "ती नको म्हणतेय! सोडू नको म्हणतेय!"

भामा म्हणाली, "आजोबा, सरका. मॅडमनी सोड म्हटलंय."

इंजिनियर तुम्हाला ओढत होता. तुम्ही दांडा सोडला नाहीत. मग भामानं तुमच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिनं तुम्हाला ओळखलं. हे तिनं नंतर मला सांगितलं. ती म्हणाली, "त्या दिवशी पण हाच चेहरा इथंच उभा होता." तिनं हात काढून घेतले.

मी ओढणी फाडून पायऱ्यांनी वर आले तेव्हा तुम्ही जमिनीवर बसला होतात आणि सगळ्यांसमोर मोठमोठ्यानं सांगत होतात, "फळी तुटली नव्हती. मी उचलली. हिम्मतरावांचा दोष नव्हता." आपला आवाज किती चढलाय हे तुम्हाला कळत नव्हतं. बांधावरच्या धोबिणी थांबून बघत होत्या. भामा शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. मग तिनं पदराला हात पुसले, डबा उचलला आणि फाटकातून निघून गेली. गुरुवारी आली नाही. आजही नाही.

तुम्ही दिलेलं पत्र मी त्याच दिवशी वाचलं. मला तुमचा राग येतो, मामा. आणि मी जिवंत आहे तीही तुमच्यामुळे. हे दोन्ही एका जागी कसं ठेवायचं ते मला अजून समजलेलं नाही.

खालची खोली मी बंद करवली आहे. यापुढे माणूस खाली असताना दांड्याला कुलूप राहील. फलक उतरवला. नवा लिहायला तुमचं सही केलेलं निवेदन लागेल. परवा शनिवारी सकाळी दहाला मिस्त्रीनं कसाबसा दांडा दाबून चक्की वीस मिनिटं चालवली. ऐकलीत?

त्रिवेणी


काचीगुडा,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. त्रिवेणी,

नाही. ऐकली नाही. त्या बुधवारनंतर एकदाही नाही. रोज सकाळी दहाला मी खुर्ची खिडकीशी ओढून बसतो. आगगाड्या जातात, तांब्यातलं पाणी थरथरतं. बाकी सगळं पहिल्यासारखं मुकं.

निवेदन तीन प्रतींत लिहिलं. एक जुन्या खात्याला, एक तुझ्या संस्थेला, एक पोलिसांना. आबिड्सच्या पोस्टात स्वतः जाऊन रजिस्टर केलं. खात्यातून एक तरुण अधिकारी घरी आला होता. त्यानं पाटीवर लिहिलं, "इतक्या जुन्या प्रकरणात आता काही होणार नाही." त्याला वाटलं, मला दिलासा मिळेल.

परवा शुक्रवारी दुपारी भामा आली. पत्ता तूच दिलास, असं अश्विनी म्हणाली. बरं केलंस.

मी उभा राहिलो. तिनं बसायला नकार दिला. चहाही नको म्हणाली. मी समोरच्याचे ओठ पाहून थोडंफार समजून घेतो, हे तिला तू सांगितलं होतंस का? कारण तिनं आधी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि बोलायला लागली. मला दिसत होते फक्त तिचे खांदे, अंबाडा आणि मधूनच हलणारा उजवा हात. तासभर बोलली असेल. अश्विनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. थोड्या वेळानं ती खाली बसली आणि तोंडाला पदर लावला.

मी हललो नाही. पाटी पुढे केली नाही. ते तिनं बोलायचं होतं आणि मला ऐकू द्यायचं नव्हतं. तेवढा हक्क तिचा आहे.

बोलून झाल्यावर ती वळली, चपला घातल्या आणि गेली. अश्विनीला मी काही विचारणार नव्हतो. तिनंच संध्याकाळी पाटी घेतली आणि लिहिलं, "बाबा, ती काय बोलली ते मी सांगणार नाही."

मी मान हलवली.

मग तिनं ते पुसलं. पुन्हा लिहिलं, "पण एक सांगते. ती मध्येमध्ये थांबत होती. भिंतीकडे कान लावून. समोरचा बोलतोय आणि त्याचं पुरतं होऊ द्यावं, तशी. मग 'हं, नाना' म्हणून पुढे बोलायची. दोनदा तर उत्तर ऐकून रडली. मला दुसरा आवाज आला नाही. बाबा, तुम्ही काही बोलत होतात का?"

त्रिवेणी, मी तोंड उघडलं नव्हतं.

मुकुंदमामा